गॅलरीतून पक्ष्यांचे फोटो : फुलचुखी नुसती काळीच का येते?

गॅलरीतली_तुळस (सोमवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी, इथलं बरेच दिवस वाचतेय, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. आम्ही कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीसमोर शेजारच्या सोसायटीतला शेवगा आहे, सध्या फुलांनी नुसता लगडलाय, आणि त्याच्या पलीकडे एक सिंगापूर चेरी. दिवसभर जत्रा असते पक्ष्यांची. बुलबुल, चष्मेवाले, तांबट तर सकाळपासून टुक टुक टुक लावून बसतो, आणि फुलचुख्या किती ते मोजताच येत नाही. घरात निकॉनचा डी३५०० आहे, सोबत ७०-३०० लेन्स आली होती, ती दोन-तीन ट्रिपा सोडल्या तर बॅगेतच होती. गेल्या महिन्यात मी ती बाहेर काढली आणि आता सुटत नाहीये.

प्रॉब्लेम असा की मी ऑफिसमधून साडेपाचला घरी येते, चहा घेते आणि कॅमेरा घेऊन गॅलरीत उभी राहते. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर फुलचुखी निळी-जांभळी चमकलेली कधीतरी दिसते, फोटोत मात्र कोळशाचा तुकडा! मागे आकाश पांढरंफटक. हजारेक फोटो काढले असतील, त्यातले धड म्हणावेत असे चारसुद्धा नाहीत. त्यात गॅलरीला कबुतरांची जाळी आहे, कॅमेरा बऱ्याचदा जाळीवरच फोकस करतो आणि मागचा पक्षी धुरकट. एका दुकानात विचारलं तर म्हणाले या लेन्सने पक्षी होतच नाहीत, १५०-६०० घ्या. किंमत ऐकून परत आले.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. मागच्या ड्राय बाल्कनीत मनीप्लांटच्या कुंडीत बुलबुलने घरटं केलंय, तीन अंडी आहेत. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला रोज सेल्फी स्टिकला मोबाईल लावून वरून फोटो काढायचेत. एकदा काढू दिला तर आई भुर्रकन उडाली आणि वीस मिनिटं आलीच नाही, माझा जीव टांगणीला लागला होता. नंतर आली. रोज असे फोटो काढले तर चालतात का?

फोकस_पुणेरी (सोमवार, रात्री ११:१५)

ताई, गॅलरी पश्चिमेला आहे का?

गॅलरीतली_तुळस (मंगळवार, सकाळी ७:०५)

हो, पश्चिमेलाच. कसं ओळखलंत?

फोकस_पुणेरी (मंगळवार, दुपारी १:३०)

तुमच्या साडेपाचवरून ओळखलं. पश्चिमेच्या गॅलरीत संध्याकाळी उभं राहिलं की सूर्य थेट तोंडावर, म्हणजे पक्ष्याच्या पाठीमागे. तुम्हाला दिसतेय ती त्याची सावलीतली बाजू. त्यात मागे उजळ आकाश, कॅमेरा त्या उजेडाचा हिशोब करून सगळाच फोटो अंधारा करतो. १५०-६०० घेतली असती तरी कोळशाचा तुकडाच आला असता, फक्त मोठा.

आणि फुलचुखीचं आणखी एक आहे. नर शिंजिराचा (फुलचुखीलाच शिंजीर म्हणतात) तो निळा-जांभळा रंग पिसांवर रंगवल्यासारखा नसतोच, पिसांची अतिसूक्ष्म रचना अशी असते की ठराविक कोनातून उजेड पडला तरच तो रंग आपल्या डोळ्यापर्यंत येतो. कोन चुकला की पक्षी काळा. म्हणून उन्हात बसलेला शिंजीरसुद्धा एका क्षणी काळा असतो आणि मान जराशी वळवली की लख्खकन पेटतो, गळ्यावर जांभळा, डोक्यावर निळा-हिरवा. फोटो त्या मान वळवण्याचा काढायचाय.

तर सुट्टीच्या दिवशी सकाळी उभ्या राहा. अगदी उजाडल्या उजाडल्या नाही, तेव्हा तुमच्याच बिल्डिंगची सावली शेवग्यावर असणार. सूर्य बिल्डिंगच्या डोक्यावरून वर आला की आधी शेंडा उजळेल मग खालच्या फांद्या, ती वेळ एकदा बघून ठेवा, साडेआठच्या पुढेमागे असेल. सूर्य तुमच्या पाठीशी, झाड उन्हात आणि गॅलरी सावलीत, याच्यासारखं दुसरं सुख नाही, कारण जाळीचा प्रश्नही त्यातच निम्मा सुटतो. संध्याकाळी ऊन जाळीच्या दोऱ्यांवर पडून पांढरी धुरी येते, सकाळी दोरे सावलीत असतात. लेन्सचं हुड काढा, लेन्सचं तोंड जाळीला अगदी टेकवा, झूम पूर्ण ३०० वर. इतक्या जवळचे दोरे विरघळून जातात. फोकस ऑटो-एरियावर ठेवू नका, सिंगल पॉइंट घ्या आणि तो पॉइंट पक्ष्याच्या डोळ्यावर.

सेटिंग सोपं ठेवा. एस मोड, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा, तो १/१०००. फुलावर फडफडत असेल तेव्हा १/२०००. ऑटो आयएसओ, म्हणजे उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते कॅमेराच ठरवतो, चालू, कमाल ३२००. फोकस एएफ-सी, म्हणजे हलत्या पक्ष्यासोबत फोकसही हलतो, बर्स्ट (बटण दाबून धरलं की सलग फोटो) चालू, तुमचा कॅमेरा सेकंदाला ५ फोटो काढतो, मान वळवण्यातला एक तरी सापडतो. पक्षी आकाशासमोर असेल तर प्लस-मायनसच्या बटणाने +१ करा, म्हणजे फोटो उजळतो, +१.७ पर्यंतही जायला हरकत नाही. उलट बगळ्यासारखा पांढरा पक्षी उन्हात असेल तर मायनस, नाहीतर पिसांचे बारकावे उडून नुसता पांढरा डाग येतो.

संध्याकाळचीच सवय असेल तर पूर्वेकडची एखादी खिडकी आहे का बघा. तिथे संध्याकाळचा उजेड पाठीशी येईल.

नवा_क्लिक (मंगळवार, संध्याकाळी ७:२०)

मी पण हाच त्रास काढलाय. शेवटी निकॉनचा पी९५० कॅमेरा घेतला, ८३ पट झूम, समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवरची घार फ्रेमभर येते. बजेट असेल तर विचार करा. आणि पक्षी जवळ यायला कट्ट्यावर बाजरी, तांदूळ ठेवत जा, आमच्याकडे आठवड्यात गर्दी झाली.

फोकस_पुणेरी (मंगळवार, रात्री ८:००)

पी९५० वाईट नाहीच, भर उन्हात छान काम करतो. पण सेन्सर नखाएवढा असल्यामुळे उजेड कमी झाला की फोटो दाणेदार येतो, आणि मार्चच्या दुपारी लांबचा पक्षी कितीही झूमने ओढला तरी मधली तापलेली हवा हलत असते, पाण्याखालून काढल्यासारखा फोटो येतो. ते कुठल्याच लेन्सने सुटत नाही. अंतर कमी करणं हाच उपाय.

ताईंसाठी हिशोब मांडतो. शिंजीर जेमतेम १० सेंटिमीटरचा. तुमच्या ३०० च्या लेन्सने तो १० मीटरवर असेल तर फ्रेमच्या रुंदीचा जेमतेम आठवा हिस्सा भरतो. तोच ४ मीटरवर आला तर तिसरा हिस्सा भरतो! तेवढं खूप झालं, बाकीचं क्रॉपमध्ये. म्हणजे तुमचे पैसे लेन्समध्ये घालायची गरज नाही, कुंडीत घाला. हमेलियाची दोन रोपं कुठल्याही नर्सरीत मिळतात, केशरी नळ्यांसारखी फुलं, फुलचुख्या त्यावर तुटून पडतात. पश्चिमेचं ऊन त्याला मानवतं. मात्र कुंडी जाळीच्या बाहेरच्या ग्रिलवर नीट बांधून ठेवा, खाली माणसं असतात.

सुगरण_०७ (मंगळवार, रात्री १०:३५)

बाजरी-तांदूळ नको, कळकळीने सांगते. पुण्यात दाणे टाकले की आठवड्यात जी गर्दी होते ती कबुतरांची, आणि कबुतरं बसली की फुलचुखी, शिंपी, चष्मेवाला ही सगळी छोटी मंडळी बाजूला होतात. विष्ठेच्या धुळीने फुफ्फुसाचा आजार होतो तो वेगळाच, घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असतात. फुलझाडं लावा आणि पाणी ठेवा. मातीची पसरट थाळी, पाणी दोन बोटं खोल, त्यात एक खडबडीत दगड म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतात. रोज घासून पाणी बदलायचं, नाहीतर डास. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन-अडीचला बघा कोण कोण येतं. थाळीच्या जरा वर एक वाळकी वाकडी फांदी बांधून ठेवा, पक्षी थेट पाण्यात उतरत नाही, आधी तिथे बसून चारी बाजूंना बघतो, आणि फोटो त्या फांदीवरच मिळतो.

आता घरट्याचं. तुळसताई, तुमच्या जिवाला जे वाटलं ते बरोबर वाटलं. रोज काढू नका. खरं तर आता एकदाही नको.

ती आई रोज तुम्हाला बघतेच आहे. कपडे वाळत घालता, मशीन लावता, हे सगळं बघूनच तिने ती जागा निवडली. त्याची तिला भीती नाही. तिला भीती आहे ती घरट्याच्या दिशेने येणाऱ्या तोंडाची आणि हाताची. वरून काठी आणि काळा चौकोन आला म्हणजे तिच्या लेखी कावळाच आला. ती उडाली की अंडी उघडी पडतात आणि तिची ती लगबग, ओरडणं कावळा लांबून बघत असतो. भारद्वाजसुद्धा अंडी, पिल्लं खातो. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी जास्वंदीत शिंप्याने दोन पानं शिवून घरटं केलं होतं, काय सुरेख टाके घातले होते, मी पाहुण्या आलेल्या प्रत्येकाला पान उचलून दाखवायचे. एका सकाळी पानं फाटलेली, आत काही नाही. कावळ्याने नेली का मांजराने, मला नाही माहीत, पण पानं उचलून मी ती जागा उघडी केली होती. आजही ती जास्वंद बघितली की पोटात तुटतं.

कायदाही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणंही येतं. नऊ वर्षांच्या मुलाला कोणी पकडणार नाहीये, पण त्याला हे माहीत असावं.

बुलबुलची अंडी साधारण दोन आठवडे उबवतात, मग पिल्लं आणखी बारा-तेरा दिवस घरट्यात. म्हणजे महिन्याचाच प्रश्न आहे. शेवटच्या दोन-तीन दिवसांत तर अजिबात जवळ जायचं नाही, घाबरली तर पंख भरायच्या आधीच पिल्लं उड्या टाकतात, आणि तुमचा तिसरा मजला आहे. मनीप्लांटला पाणी ती उठून गेली की घाला आणि लगेच बाहेर या. मुलाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून पडद्याआडून बघू दे, वही द्या हातात, किती वाजता आली, चोचीत काय आणलं, कितीदा आली. आई-बाप दोघंही भरवतात, त्याला ते ओळखायचा प्रयत्न करू दे. आणि घरट्याचा एक फोटो काढलाय ना, तो पत्त्यासकट कुठे टाकू नका.

फोकसदादांनी पूर्वेची खिडकी सांगितलीये, ती ड्राय बाल्कनीच असणार. तिथे कॅमेरा सध्या नको.

गॅलरीतली_तुळस (बुधवार, रात्री ९:१०)

सुगरणताई, हो, पूर्वेला ड्राय बाल्कनीच आहे. पडदा आजच लावला. मुलगा आधी रुसला, मग वही मिळाल्यावर दोन तास खिडकीतून हलला नाही. डोकं काळं, शेपटीखाली लाल, म्हणजे लालबुड्या बुलबुल ना? आणि फुलचुख्यांत मला तीन प्रकार दिसतात, एक पूर्ण गडद, एक पिवळ्या पोटाची आणि छातीवर तांबूस पट्टा, आणि एक साधीच पिवळट. तिन्ही वेगळ्या जाती का?

टेकडीवाले_काका (गुरुवार, पहाटे ५:४०)

बुलबुल लालबुड्याच. फुलचुख्या दोन जातींच्या आहेत. पूर्ण गडद तो जांभळा शिंजीर, नर. पिवळं पोट आणि तांबूस पट्टा तो जांभळ्या पाठीचा शिंजीर, तोही नर. साध्या पिवळट त्या दोघांच्या माद्या. गळा पांढुरका आणि छाती पिवळी असेल तर दुसऱ्याची, गळ्यापासून सगळंच पिवळं असेल तर पहिल्याची. पुढच्या वेळी गळा बघा.

मी बावीस वर्षं वेताळ टेकडीवर जातोय, त्यातली पहिली चार-पाच वर्षं पक्ष्यांच्या मागे पळण्यात गेली. इकडे दिसला की इकडे, तिकडे वाजला की तिकडे, आणि घरी यायचे ते शेपट्यांचे फोटो. मग खाणीच्या बाजूला वेडा राघू नावाच्या एका पक्ष्याने शिकवलं. बाभळीची एक सुकलेली फांदी होती, त्याच्यावरून तो उडायचा, हवेत माशी पकडायचा आणि परत त्याच फांदीवर, त्याच जागेवर. माशी फांदीवर आपट आपट आपटायचा, मधमाशी असेल तर तिची नांगी निघेपर्यंत, मग वर उडवून गिळायचा. मी फांदीवर फोकस लावून नुसता बसून राहिलो. अर्ध्या तासात तो अकरा वेळा आला. मला त्यानंतर पळावंसं वाटलं नाही.

तुमच्या शेवग्यावरचा शिंजीरही असाच आहे. त्याची वाट ठरलेली असते, कुठल्या फांदीवरून सुरू करतो, गाणं म्हणायला कुठल्या शेंड्यावर बसतो, दुसऱ्या नराला कुठून हाकलतो. चार दिवस कॅमेरा आत ठेवा आणि नुसतं बघा. मुलाच्या वहीत एक पान त्याचंही करा. मग पाचव्या दिवशी तुम्ही आधी तिथे असाल आणि तो नंतर येईल.

काही जण मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावतात. विणीच्या दिवसांत तर हे करूच नये. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला, तो खाणंपिणं, पिल्लं सोडून भांडायला येतो.

कवडीपाट, पाषाण, भिगवण या पाणपक्ष्यांच्या जागा जरूर करा, पण ते पुढच्या हिवाळ्यात. चक्रवाक आणि बाकी पाहुणे आता परतीला लागलेत. सध्या टेकडीच्या पायथ्याला काटेसावर फुललीये, भोरड्यांचे थवे येतात सकाळी, एक रविवार तिथे या. आणि जूनच्या सुरुवातीला कान उघडे ठेवा, पहिल्या पावसाच्या सुमाराला नवरंग येतो, सकाळ-संध्याकाळ शीळ घालतो.

वही सांभाळून ठेवा म्हणावं. ५ ते १२ नोव्हेंबर आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्लींची जयंती आणि १२ ला सालिम अलींची. शाळेत दाखवायला तोपर्यंत चांगली जाडजूड होईल.

गॅलरीतली_तुळस (रविवार, सकाळी ११:२५)

मंडळी, आला!!

तीन दिवस कॅमेरा खरंच बाहेर काढला नाही. काकांनी सांगितलं तसं बघितलं तर तो रोज डावीकडच्या तुटक्या फांदीपासून सुरू करतो, फुलं चाखत चाखत वर जातो आणि शेंड्यावर बसून गातो, गाताना काखेतली पिवळी-केशरी पिसं फुलवतो, हे मला आजवर कधीच दिसलं नव्हतं! आज आठ चाळीसला ऊन तुटक्या फांदीपर्यंत उतरलं. मी लेन्स जाळीला टेकवून आठ वाजल्यापासून स्टुलावर बसलेले, हात अवघडले होते. तो आला, उलटा लटकला, फुलात चोच घातली आणि बाहेर काढून माझ्याकडे मान वळवली. गळा असा पेटला की मी बटण दाबतेय हेच विसरले, बोट आपोआप दाबत होतं. २१२ फोटो काढले, त्यातल्या नऊमध्ये रंग आलाय, दोनमध्ये कपाळाला परागांची पिवळी भुकटी लागलेलीसुद्धा दिसते. जाळी कुठेच नाही. दोन्ही फोटो जोडलेत, खरं खरं सांगा.

फोकस_पुणेरी (रविवार, दुपारी १२:१०)

पहिल्यात पक्षी मोठा आलाय पण डोळा काळ्यात बुडालाय. दुसरा ठेवा, डोळ्यात उन्हाचा ठिपका आलाय त्यामुळे जिवंत वाटतो. समोरच्या बाजूला जरा जागा सोडून क्रॉप करा, चोचीला फ्रेम चिकटवू नका. रंग वाढवू नका, आहे तोच त्याचा रंग आहे.

सुगरण_०७ (रविवार, दुपारी ३:४५)

काखेतली पिसं! ती नुसती गाताना आणि मादीपुढे मिरवतानाच बाहेर काढतो. मस्त. बुलबुलचं काय?

गॅलरीतली_तुळस (रविवार, रात्री ८:३०)

बसलीये शांत. वहीप्रमाणे आज सर्वात जास्त वेळ उठून गेली ती नऊ मिनिटं.

गॅलरीतली_तुळस (साडेतीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:००)

धागा वर काढतेय. तीनपैकी दोन पिल्लं झाली, एक अंडं फुटलंच नाही. गुरुवारी सकाळी मी डबे भरत होते तेव्हा मुलगा ओरडत आला, एक पिल्लू कुंडीच्या काठावर होतं. आई समोरच्या एका झाडावर बसून बोलावत होती. पहिलं गेलं, दुसऱ्याने पाऊण तास लावला. आम्ही तिघंही पडद्यामागे, मुलाची शाळेची व्हॅन चुकली, कोणी कोणाला काही बोललं नाही.

आज संध्याकाळी साडेपाचला पहिल्यांदा ड्राय बाल्कनीत कॅमेरा घेऊन गेले. उजेड पाठीशी. मागच्या कढीपत्त्यावर दोघं चिकटून बसलेली, शेपट्या अजून बोटभरच, चोचीच्या कडा पिवळ्या, आणि आई पिकलेलं कढीपत्त्याचं फळ घेऊन आली तर दोघांनी एकदम तोंड उघडलं. १/१०००, आयएसओ ८००. या वेळी बटण मुलाने दाबलंय.

टेकडीवाले_काका (रविवार, पहाटे ५:३५)

फोटो बघितला. डावीकडचं पिल्लू शार्प आहे, उजवं जरा मऊ, पण दोघांचे डोळे दिसतायत. मुलाला सांगा पुढच्या वेळी आईच्या चोचीवर फोकस लाव, फळासकट. पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला टेकडीवर येणार असाल तर वहीही घेऊन या.